डोंगरी मुलखाचे स्वराज्य



या व्यासपीठावर मोठमोठे विद्वान येऊन गेले. मी त्या पंगतीतला नव्हे. माझे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि युनियनच्या कचेरीत झाले. पुस्तके वाचली ती पाळी सुटल्यावर. तेव्हा शास्त्रशुद्ध विवेचनाची अपेक्षा माझ्याकडून करू नका. कामगारांत तीस वर्षे वावरलेला माणूस या प्रश्नाकडे कसा पाहतो, एवढेच मी सांगणार आहे.

विषय आहे डोंगरी मुलखाच्या स्वराज्याचा, आणि मुलूख आहे आपल्याच महाराष्ट्रातला, गडचिरोलीचा. उसाच्या आणि गुऱ्हाळांच्या गावात गोंड-माडियांची कथा कशाला, असे कुणाच्या मनात आले असेल. त्यांना मी आपल्याच एका गोष्टीची आठवण देतो. उच्च न्यायालयाचे खंडपीठ कोल्हापुरास व्हावे म्हणून येथल्या वकिलांनी आणि नागरिकांनी किती वर्षे चळवळ केली! अखेर १८ ऑगस्ट २०२५ रोजी सर्किट बेंचचे काम येथे सुरू झाले. न्याय मुंबईत मिळत नव्हता काय? मिळत होता. पण पावणेचारशे किलोमीटर जाऊन मिळणारा न्याय गरिबाला परवडत नाही, हे आपण अनुभवाने जाणत होतो. मग ज्याला मुंबई नऊशे किलोमीटरांच्या पलीकडे आहे, आणि जिल्ह्याची कचेरीसुद्धा सिरोंचाहून दोनशे किलोमीटरांच्या घरात आहे, त्याचे मन कोल्हापूरकराने नाही ओळखायचे तर कुणी?

आधी तो जिल्हा डोळ्यांपुढे आणू. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून तो वेगळा काढला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या जवळजवळ दुप्पट. लोकवस्ती २०११ च्या शिरगणतीत पावणेअकरा लाख, म्हणजे आपल्या पावभरापेक्षा थोडी अधिक. तीन चतुर्थांश भूमी जंगलाची. शंभरातले सुमारे एकोणचाळीस लोक अनुसूचित जमातींचे. जंगलात बांबू, तेंदू, मोह; डोंगराच्या पोटात लोखंड. संपत्ती एवढी, आणि माणूस मात्र राज्यातल्या अति गरिबांत मोडणारा. हे कोडे ज्याला उलगडले त्याला स्वायत्ततेचा प्रश्न समजला.

इंग्रजांना हा मुलूख सहजासहजी वश झाला नाही. मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके यांनी त्यांच्याविरुद्ध शस्त्र उचलले, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याला फाशी दिले. पुढे सरकारने १८७४ साली अनुसूचित जिल्ह्यांचा कायदा केला. १९३५ च्या कायद्यात अशा मुलखांना नावच पडले, 'वगळलेले' आणि 'अंशतः वगळलेले' प्रदेश. आपल्याकडची खानदेशातील अक्राणी आणि मेवासी गावे त्यात होती, तशीच अहेरीची आणि धानोऱ्याची जमीनदारीही होती. वगळलेले म्हणजे कशातून वगळलेले? लोकांनी निवडलेल्या कायदेमंडळाच्या सत्तेतून. तेथे गव्हर्नरची मर्जी हाच कायदा. सावकारापासून रक्षण करण्याची भाषा त्यात होती. पण स्वतःचा कारभार स्वतः पाहण्याची मुभा नव्हती.

घटना समिती बसली, स्वातंत्र्य आले. समितीत छोटा नागपूरचे जयपालसिंग मुंडा आदिवासींची बाजू निर्भयपणे मांडत होते. गोपीनाथ बारडोलोई यांच्या उपसमितीने आसामच्या डोंगरी जिल्ह्यांचा विचार केला. त्यातून घटनेला दोन अनुसूची जोडल्या गेल्या, पाचवी आणि सहावी. शेजारी-शेजारी बसलेल्या या दोन बहिणी. परंतु थोरलीला माहेरहून काय मिळाले आणि धाकटीला काय मिळाले, हे पाहण्यासारखे आहे.

सहावी अनुसूची ईशान्येकडच्या डोंगरांसाठी. आज ती आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोराम या राज्यांतील ठरावीक भागांस लागू आहे. तिच्यात जिल्ह्याला स्वायत्त परिषद मिळते. साधारणपणे तीस सभासद, त्यांतले चारपर्यंत राज्यपालांनी नेमायचे, बाकीचे लोकांनी निवडायचे. या परिषदेला जमिनीबद्दल, फिरत्या शेतीबद्दल, वारसा आणि विवाहाच्या रूढींबद्दल स्वतः कायदे करता येतात. ती शेतसारा घेऊ शकते, बाजारावर कर बसवू शकते, खनिजाच्या स्वामित्वधनात वाटा मागू शकते.

पाचवी अनुसूची उरलेल्या भारतातील आदिवासी मुलखांसाठी, आणि आपला गडचिरोलीचा भाग तिच्यात येतो. तिच्यात परिषद नाही. आहे ती सल्लागार परिषद, जास्तीत जास्त वीस सभासदांची, आणि तिने विचारल्यावर सल्ला द्यायचा. खरा अधिकार राज्यपालांचा. एखादा कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू करू नये, किंवा फेरफार करून लागू करावा, असे ते फर्मावू शकतात. एकीला घर चालवायला दिले, दुसरीला पालक नेमून दिला.

साहजिकच हिंदुस्थानातल्या अनेक डोंगरी मुलखांचे डोळे सहाव्या अनुसूचीकडे लागलेले असतात. लडाख २०१९ साली केंद्रशासित झाला, आणि त्यानंतर लेह व कारगिल या दोन्ही भागांतील लोकांनी हीच मागणी लावून धरली. २०२५ च्या सप्टेंबरात लेहमध्ये त्या आंदोलनाला हिंसक वळण लागून चार माणसे प्राणाला मुकली. दार्जिलिंगला सहावी अनुसूची मिळाली नाही. १९८८ साली वेगळ्या कायद्याने पर्वतीय परिषद मिळाली, ती अपुरी पडली, म्हणून २०१२ साली दुसरी व्यवस्था आली. मागणी योग्य आहे. पण मी युनियनवाला माणूस. करारावर सही करण्यापूर्वी त्याची बारीक अक्षरे वाचण्याची मला सवय आहे. सहाव्या अनुसूचीच्या बारीक अक्षरांत लिहिले आहे की, परिषदेला जंगलाबद्दल कायदे करता येतील, पण राखीव जंगल सोडून! आता गडचिरोलीतून राखीव जंगल सोडले तर स्वराज्य करायचे ते कशावर?

येथे मला एका कारखान्यातली गोष्ट आठवते. कारखान्याचे नाव घेत नाही. तेथे कँटीनमधल्या निकृष्ट जेवणाबद्दल कामगारांनी संप केला. तडजोड अशी झाली की, कँटीन कामगारांच्या कमिटीने चालवावे. मोठा विजय झाला, गुलाल उधळला. कमिटी निवडली, चेअरमन झाला, शिक्का झाला. दुसऱ्या दिवशी डाळ काढायला गेलो तो कोठीला कुलूप, आणि किल्ली मॅनेजरच्या कारकुनाच्या खिशात. कमिटीने मागणीपत्र द्यायचे, कारकुनाने मंजूर करायचे, मग तो सवडीने येऊन कोठी उघडणार. जेवण पूर्वीसारखेच राहिले. फरक इतकाच की, पूर्वी कामगार मॅनेजरला शिव्या देत, आता कमिटीला देऊ लागले. तेव्हापासून कुणी स्वायत्तता दिली म्हटले की मी एकच विचारतो, किल्ली कुणाकडे आहे?

हा प्रश्न घेऊन आपण धानोरा तालुक्यातील मेंढा या गावी जाऊ. लेखा ग्रामपंचायतीतले हे गाव, म्हणून त्यास मेंढा-लेखा म्हणतात. पाचशेच्या आतबाहेर वस्तीचे गोंडांचे गाव. १९८० नंतरच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम येथील धरणांविरुद्ध या मुलखात 'जंगल बचाव, मानव बचाव' हे आंदोलन झाले. धरणांचे संकट टळले, पण लोक विचार करू लागले की, आपल्या जंगलाबद्दल ठरवणारे हे परके कोण? मेंढ्याच्या लोकांनी एक घोषणा केली: दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. दिल्ली-मुंबईचे सरकार त्यांनी नाकारलेले नाही, तेही 'आमचे'च म्हटले आहे, हे लक्षात घ्या. गावचे देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या कामाशी कायमची जोडली गेली आहेत. त्यांनी गावात अभ्यासगट चालवले. निर्णय बहुमताने करायचा नाही, सर्वसहमतीने करायचा, हा दंडक घातला. एकाचीही अडचण असेल तर पुन्हा बसायचे, पुन्हा बोलायचे. आमच्या युनियनच्या सभेत हात वर करून पाच मिनिटांत ठराव पास होतो आणि बाहेर पडताच अर्धे लोक त्याविरुद्ध बोलतात. मेंढ्यात ठरावाला वेळ लागतो. पण झालेला ठराव पाळला जातो.

दरम्यान दिल्लीत काय चालले होते? त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून देशभर पंचायत राज्य आले, पण अनुसूचित क्षेत्रे तिच्यातून बाजूस ठेवली होती. दिलीपसिंह भुरिया यांच्या समितीने १९९५ साली अहवाल दिला, आणि २४ डिसेंबर १९९६ रोजी अनुसूचित क्षेत्रांसाठी पंचायतींचा कायदा झाला. लोक त्याला 'पेसा' म्हणतात. या कायद्यातली मोठी गोष्ट ही की, गाव म्हणजे तलाठ्याच्या दप्तरातले महसुली गाव नव्हे. जो पाडा, जो टोला आपला कारभार रूढीप्रमाणे एकत्र पाहतो, तो गाव. त्याची ग्रामसभा वेगळी. गौण वनोपजाची मालकी पंचायतीकडे आणि ग्रामसभेकडे. पुढे २००६ साली वनहक्काचा कायदा आला. त्याने गावाला आपल्या परंपरागत जंगलाचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा सामूहिक हक्क दिला.

मेंढ्याने अर्ज केला, पुरावे दिले, आणि २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क त्याला मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी हे एक. गुलाल उधळावा असाच दिवस. पण कोठीला कुलूप होते! गावाने बांबू विकायचे ठरवले तो वाहतूक परवाना कुणी द्यायचा? वनखात्याने. आणि खाते म्हणाले, देता येत नाही. का? तर १९२७ च्या जंगल कायद्यात बांबू हे झाड आहे, आणि झाड हे गौण वनोपज नव्हे. २००६ चा कायदा बांबू गौण वनोपजात स्पष्ट धरतो. वनस्पतिशास्त्र म्हणते बांबू हे गवत. पण परवान्याचे पुस्तक ज्याच्या टेबलाच्या खणात, त्याचेच शास्त्र खरे! अठराशे हेक्टरांचा मालक आपल्या बांबूची एक गाडी रस्त्यावर आणू शकत नव्हता.

गाव हटले नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले, आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. एवढेसे पुस्तक ते! पण माझ्या मते महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्याच्या इतिहासात त्या दिवसाची नोंद ठळक अक्षरांत केली पाहिजे. २०१२ साली देशाच्या वनहक्क नियमांतच दुरुस्ती झाली की, वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेने नेमलेल्या समितीने द्यावा. आणि १९२७ च्या कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू निघायला २०१७ साल उजाडले. क्रम पाहा. आधी गाव उभे राहिले, मग पुस्तक हलले, मग नियम हलला, आणि नव्वद वर्षांचा कायदा सर्वांत शेवटी हलला.

आता बांबूकडून पानाकडे वळतो, कारण ते पान आपल्या दारापर्यंत आलेले आहे. येथून जवळच निपाणी. तेथल्या तंबाखूचा वास ज्याच्या नाकात शिरला नाही असा माणूस या सभेत क्वचितच असेल. विडीला तंबाखू लागते तसे तेंदूचे पान लागते. ते पान ऐन वैशाखात गडचिरोलीसारख्या जंगलांतून तोडले जाते. पहाटे घरातील सगळी माणसे रानात जातात, दुपारी अंगणात बसून पुडे बांधतात. १९६९ च्या कायद्याने या पानाचा व्यापार सरकारने आपल्या ताब्यात घेतला. लिलाव सरकार करी, ठेकेदार उचल करी, आणि तोडणाऱ्याच्या हाती मजुरी पडे. विडी वळणाऱ्या बाईलाही मजुरीच, आणि पान तोडणाऱ्या बाईलाही मजुरीच; मधला नफा कुठे जाई हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. वनहक्क आणि पेसा यांच्या आधारे गडचिरोलीतल्या पुष्कळ ग्रामसभांनी अलीकडच्या वर्षांत तेंदूचा लिलाव स्वतः केला, करार स्वतः केले, हिशेब स्वतः ठेवले. काही ठेकेदारांनी पैसे बुडवले, तेव्हा त्यांनी बाजाराचा धडाही घेतला. मजूर होता तो विक्रेता झाला. माझ्या दृष्टीने स्वायत्ततेचा अर्थ हा आहे.

या विचारावर जे आक्षेप येतात, ते मी टाळणार नाही.

पहिला आक्षेप, याने देश फुटेल. अहो, गावाने बांबू विकला म्हणून देश फुटत नाही. बांबूसाठी चार दिवस कचेरीची पायरी झिजवून रिकाम्या हाताने परतणाऱ्याच्या मनात तो फुटतो. या जिल्ह्याने चार दशकांहून अधिक काळ बंदुका पाहिल्या. माओवाद्यांनी गावकऱ्यांना खबरे ठरवून मारले, आणि शासनाच्या कारवाईतही गावकरी संशयाखाली भरडले गेले. दोन्हीकडच्या बंदुकीला नको असते ती मोकळी सभा. म्हणून सभेला बळ देणे हा शांततेचा मार्ग आहे.

दुसरा आक्षेप, जिल्ह्यात साठ टक्के लोक आदिवासी नाहीत, त्यांचे काय? हा प्रश्न खरा आहे, आणि नोकरभरतीवरून तेथे कटुताही आली आहे. एका समाजाच्या हाती सबंध जिल्हा देणारी परिषद ती कटुता वाढवील. पण ग्रामसभेत गावातला प्रत्येक मतदार बसतो, जात कोणतीही असो. आणि वनहक्काचा कायदा बिगर-आदिवासी वननिवासींनाही लागू आहे.

तिसरा आक्षेप, गावाला लोखंडाचे महत्त्व काय कळणार? एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाची खाण चालू झाली. त्या डोंगरात माडियांचे दैवत आहे, आणि अनेक ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. मी कारखान्यांच्या विरुद्ध नाही. माझ्या सभासदांच्या चुली कारखान्यांवर पेटतात. पण मालकाने पगारवाढ ठरवून नोटीस लावली तर आम्ही तिला करार म्हणत नाही. करार म्हणजे दोन पक्ष समोरासमोर बसले पाहिजेत, आणि दुसऱ्या पक्षाला 'नाही' म्हणता आले पाहिजे. ओडिशात नियमगिरीच्या खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली हेच सांगितले, गावांना विचारा. बारा ग्रामसभांना विचारले; बाराही 'नाही' म्हणाल्या. देश बुडाला नाही.

मग जिल्हा परिषदा, स्वायत्त परिषदा नकोत काय? हव्यात. पेसाच्या कायद्यातच लिहिले आहे की, जिल्हा पातळीवरील पंचायतींची रचना करताना राज्याने सहाव्या अनुसूचीचा नमुना अनुसरण्याचा प्रयत्न करावा. हे कलम १९९६ पासून कायद्याच्या पुस्तकात आहे. त्याचा जाब महाराष्ट्राला विचारलाच पाहिजे. पण क्रम विसरू नका. वरची परिषद किती नाजूक असते हे आपण पाहिले आहे. २०२२ सालापासून कित्येक वर्षे आपल्या कोल्हापूरच्या जिल्हा परिषदेत लोकांनी निवडलेला एकही सभासद नव्हता, प्रशासक कारभार पाहत होते. आपण किती जणांनी त्याबद्दल रस्त्यावर येऊन विचारले? परिषदेची मुदत संपते, परिषद बरखास्त होते. ग्रामसभेला मुदत नसते, तिला बरखास्त करता येत नाही. कारण ती निवडलेल्यांची नसून निवडणाऱ्यांचीच असते. युनियनचे पदाधिकारी तुरुंगात गेले तरी फाटकावरची सभा भरतेच, तशातला हा प्रकार आहे.

शेवटी आपल्या दाराशी येतो. शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, आजरा, चंदगड हे आपले डोंगरी तालुके. तेथे पाचवी अनुसूची नाही. पण धनगरवाडे आहेत, अभयारण्याच्या कडेने राहणारी माणसे आहेत, पावसाळ्यात आजाऱ्याला डालग्यात किंवा झोळीत घालून खाली आणावे लागते अशा वाड्या आहेत. वनहक्काचा कायदा त्यांना लागू होतो. अट एवढी की, १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, रहिवास आणि जंगलावरचे अवलंबन दाखवले पाहिजे. पुरावा कोठून आणायचा? तर जुनी कागदपत्रे पाहिजेत, म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घेतले पाहिजेत, देवराईची आणि चराईची जागा नकाशावर दाखवली पाहिजे. हे काम डोंगरावरच्या माणसाला एकट्याने झेपत नाही. या सभेत वकील आहेत, शिक्षक आहेत, संस्थानी दप्तर वाचू शकणारे, मोडी जाणणारे आहेत. शाहू महाराजांच्या गावचे आपण. ज्ञान आणि सत्ता मूठभरांच्या घरात कोंडून ठेवू नये हा धडा त्यांनी या भूमीत घालून दिला. या उन्हाळ्याच्या सुटीत दहा माणसांनी दहा वाड्या वाटून घेतल्या आणि प्रत्येक वाडीचा एक दावा नीट तयार करून दिला, तर माझे आजचे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.

ज्यांना यायचे असेल त्यांनी सभा संपल्यावर व्यासपीठाच्या उजव्या बाजूस थांबावे. वही आणि पेन्सिल मी बरोबर आणली आहे.